नऊ वर्षांच्या मुलीचा उणे नंबर वर्षभरात एकाने वाढला. चष्मा पूर्ण नंबरचा द्यावा की कमी?

कुळागरकर, म्हार्दोळ

नमस्कार. माझी मुलगी नऊ वर्षांची असून चौथीत शिकते. गेल्या वर्षी चतुर्थीला माटोळी (गणपतीच्या वर बांधतात ती फळाफुलांची चौकट) बांधून झाल्यावर घरातल्या मुलांचा नेहमीचा खेळ चालला होता: उंबऱ्याशी उभे राहून वर काय काय बांधले आहे ते एकेकाने ओळखायचे. तिच्या धाकट्या भावाने तोरिंजन, निरफणस, चिबूड अशी नावे घडाघडा सांगितली आणि हिने मात्र डोळे बारीक करून सुपारीच्या घडाला केळी म्हटले. सगळे हसले, मीही हसलो. पण माझा स्वतःचा नंबर उणे साडेपाच असल्यामुळे ते डोळे बारीक करणे माझ्या चांगलेच ओळखीचे होते.

त्याच आठवड्यात एका चष्म्याच्या दुकानात यंत्रावर नंबर काढला. उजव्या डोळ्याचा उणे १.२५ आणि डाव्याचा उणे १ निघाला. "लहान वय आहे, एकदम पूर्ण नंबर दिला तर डोळा आळशी होतो," असे सांगून दुकानदाराने दोन्ही डोळ्यांना पाव नंबर कमी दिला आणि चष्मा फक्त शाळेत लावण्यास सांगितले. या वर्षी त्याच यंत्रावर उजवा उणे २.२५ आणि डावा उणे १.७५ आला आहे. माझी आई म्हणते की चष्मा लावला म्हणूनच नंबर वाढला, पत्नी मोबाईलला दोष देते आणि शेजारच्या काकांनी निळा प्रकाश अडवणारी काच घेण्याचा सल्ला दिला आहे.

दुकानदार आता पुन्हा कमी नंबरचाच चष्मा देऊ पाहत आहे. तो घ्यावा की पूर्ण नंबरचा? चष्मा दिवसभर लावावा की शाळेपुरता? नंबर वाढण्याचा वेग कमी करणारी काही काच किंवा औषध खरोखरच असते का? शाळा दीड वाजता सुटते, त्यानंतर जेवण, शिकवणी आणि गाण्याचा वर्ग असतो. जून ते सप्टेंबर पाऊस तिला अंगणातही उतरू देत नाही. अनुभवी व्यक्तींनी कृपया सविस्तर लिहावे.

ऑप्टोमेट्रिस्ट, पणजी

आपण दिलेले चारही आकडे डोळ्यांत थेंब न घालता काढलेले दिसतात आणि त्यामुळे त्यांच्यावर माझा अर्धाच विश्वास आहे. मुलांच्या डोळ्यांतले नैसर्गिक भिंग फार लवचीक असते. यंत्राच्या आत रस्त्याच्या टोकाला उडणाऱ्या फुग्याचे जे चित्र दिसते, ते दूरचे असल्याचा कितीही भास निर्माण केला तरी पुष्कळ मुले ते जवळचे समजून भिंग फुगवतात आणि यंत्र तो ताणसुद्धा उणे नंबर म्हणून कागदावर छापते. म्हणून मुलांचा पहिला नंबर, आणि वेगाने वाढल्यासारखा दिसणारा प्रत्येक नंबर, सायक्लोपेंटोलेटसारखे थेंब घालून, अर्धा-पाऊण तास थांबून, भिंगाचे स्नायू सैल झाल्यावरच काढावा लागतो. आपल्या मुलीचा नंबर एकाने वाढलाही असेल. पण तो अर्ध्यानेच वाढला आणि उरलेला यंत्राने वाढवला, असेही असू शकते. हे कळल्याशिवाय कमी की पूर्ण या वादाला अर्थ नाही, कारण पूर्ण म्हणजे किती तेच अजून ठरलेले नाही.

नेत्रतज्ज्ञांकडे तपासणी होईल तेव्हा डोळ्याची लांबीही मोजून घ्यावी. ऱ्हस्वदृष्टी म्हणजे बहुतेक वेळा डोळ्याचा गोल पुढून मागे प्रमाणाबाहेर लांब होणे, त्यामुळे दूरच्या वस्तूची प्रतिमा डोळ्याच्या मागच्या पडद्यावर न पडता त्याच्या अलीकडे पडते. प्रौढ माणसाचा डोळा साधारण साडेतेवीस ते चोवीस मिलिमीटर लांब असतो आणि एक मिलिमीटर जादा लांबीमागे साधारण अडीच ते तीन नंबर वाढतो. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेपूर्वी आजोबांच्या डोळ्याचे मोजमाप ज्या यंत्रावर घेतात त्याच यंत्रावर, डोळ्याला स्पर्श न करता, काही क्षणांत ही लांबी कळते. नंबर मुलाच्या मनःस्थितीवर, थकव्यावर, समोर बसलेल्या माणसाच्या घाईवर थोडाफार हलतो. लांबी तशी हलत नाही. म्हणून दर सहा महिन्यांनी त्याच यंत्रावर लांबी मोजणे, हाच वाढीचा खरा हिशेब.

आता चष्म्याविषयी. थेंब घालून जो नंबर ठरेल तो पूर्ण द्यावा आणि चष्मा सकाळपासून झोपेपर्यंत लावावा. मलेशियात झालेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत मुलांच्या एका गटाला मुद्दाम पाऊण नंबर कमी दिला होता. दोन वर्षांनी त्याच गटाचा नंबर जास्त वाढलेला आढळला. त्यानंतरही कमी नंबर दिल्याने वाढ थांबते असा भक्कम पुरावा पुढे आलेला नाही. डोळा आळशी होण्याची भीती तर उलटी आहे: लहान वयात अस्पष्ट प्रतिमेवरच भागवावे लागले तर डोळा मंद होण्याचा धोका असतो, पूर्ण नंबरमुळे नव्हे. आपल्या आईंचे निरीक्षण खोटे नाही, कारण चष्मा लागल्यानंतर नंबर वाढतो हे खरेच आहे. पण मृगात छत्र्या उघडतात आणि पुढे पाऊस वाढत जातो, म्हणून छत्र्यांनी पाऊस आणला असे आपण म्हणत नाही. नऊ ते तेरा या वयात डोळा वाढतच असतो; चष्मा लावला तरी आणि न लावला तरी.

साधी उणे काच फक्त दिसण्याची सोय करते. वाढीचा वेग कमी करण्यासाठी वेगळ्या काचा निघाल्या आहेत, त्यांत मधोमध नंबरचे स्वच्छ वर्तुळ असते आणि त्याभोवती शेकडो सूक्ष्म भिंगे बसवलेली असतात. पडद्याच्या कडेकडेला पडणाऱ्या प्रकाशाचा काही भाग ही भिंगे पडद्याच्या पुढे आणतात आणि त्यामुळे डोळ्याला मिळणारा 'आणखी लांब हो' हा इशारा मंदावतो, असे यामागचे तत्त्व आहे. अशा एका काचेची हाँगकाँगमध्ये ८ ते १३ वर्षांच्या मुलांवर दोन वर्षे चाचणी झाली तेव्हा नंबरची वाढ साध्या काचेच्या तुलनेत सुमारे ५२ टक्के कमी झाली. दुसऱ्या धर्तीच्या काचेच्या चीनमधील चाचणीत दिवसाला किमान बारा तास चष्मा लावणाऱ्या मुलांत हा फरक सुमारे ६७ टक्के होता. बारा तास या अटीकडे लक्ष द्यावे. फक्त शाळेत लावायच्या चष्म्यासाठी एवढे पैसे मोजू नयेत. ही काच साध्या काचेच्या कितीतरी पट महाग पडते आणि नंबर बदलला की नवी घ्यावी लागते, हे घरचा हिशेब करून आधीच ठरवलेले बरे.

निळा प्रकाश अडवणाऱ्या काचेने नंबर थांबत नाही. डोळ्यांचा थकवा कमी होतो हा दावासुद्धा २०२३ साली कोक्रेन या संस्थेने केलेल्या आढाव्यात टिकला नाही. ते पैसे वाचवावेत. दुकाने ही काच आग्रहाने का विकतात, हे मी याच व्यवसायात असल्यामुळे न लिहिलेलेच चांगले.

बाहेरच्या उजेडाविषयी मात्र आग्रहाने लिहितो. चीनमधील ग्वांगचौ शहरात सहा-सात वर्षांच्या मुलांना शाळेतच रोज ४० मिनिटे जादा वेळ बाहेर नेण्यात आले. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तीन वर्षांत नव्याने ऱ्हस्वदृष्टी आलेल्या मुलांचे प्रमाण त्या गटात ३०.४ टक्के आणि इतर गटात ३९.५ टक्के होते. नंबर लागूच नये यासाठी उजेडाचा उपयोग जास्त आहे, लागलेल्या नंबरची वाढ रोखण्यासाठी तुलनेने कमी. त्यामुळे माटोळीची फळे घडाघडा ओळखणारा तो धाकटा मुलगा खरा लाभार्थी आहे, आणि वडिलांचा नंबर साडेपाच असल्यामुळे त्याचीही तपासणी थेंब घालून याच खेपेला करून घ्यावी. वर्गात उजेड काहीशे लक्स (उजेड मोजण्याचे एकक) असतो, बाहेर ढगाळ दिवशीही तो हजारांत जातो. पावसाची सर थांबली की व्हरांड्यातून अंगणात उतरायचे, एवढे जरी पाळले तरी पावसाळा पूर्ण वाया जात नाही.

थेंब घातल्यावर बाहुल्या एक दिवसभर मोठ्या राहू शकतात. त्या दिवशी शिकवणी ठेवू नये, आणि आपलेही डोळे तपासून घेणार असाल तर परतताना स्कूटर दुसऱ्या कोणाकडे द्यावी.

निवृत्त शिक्षक, साखळी

वरील उत्तर अभ्यासपूर्ण आहे, पण एक वेगळा अनुभव नोंदवतो. मला आठवीत उणे दीडचा चष्मा लागला. मी तो क्रिकेट खेळताना फोडला आणि वडिलांच्या धाकाने पुढे दोन वर्षे कोणाला सांगितलेच नाही. पुढे नंबर उणे दोनवर थांबला आणि आज वयाच्या ६८ व्या वर्षी मी चष्मा काढून वर्तमानपत्र वाचतो. त्यामुळे सतत चष्मा लावलाच पाहिजे, या मताशी मी पूर्ण सहमत नाही.

ऑप्टोमेट्रिस्ट, पणजी

सर, आपला नंबर आठवीत लागला, म्हणजे साधारण तेराव्या वर्षी. उशिरा लागलेला नंबर पुढे वाढायला वर्षेच थोडी उरतात, कारण विशीच्या आसपास बहुतेकांची वाढ आपोआप मंदावते. आठव्या वर्षी लागलेल्या नंबरपुढे हीच वाट दहा-बारा वर्षांची असते. आपण चष्मा न लावता वाचता हे खरे. उणे दोन नंबरच्या डोळ्याला सुमारे अर्ध्या मीटरवरचे स्वच्छ दिसते आणि उतारवयातील वाचनाच्या चष्म्याचे काम तोच नंबर करतो. मात्र ती दोन वर्षे फळ्यावरचे आपल्याला कसे दिसत होते, ते विद्यार्थ्यांना कधी सांगितले आहे का?

निवृत्त शिक्षक, साखळी

शेजारच्या मुलाच्या वहीतून उतरवून घेत होतो. मुद्दा मान्य आहे.

एक आई, मडगाव

माझ्या मुलाला सात वर्षांचा असल्यापासून ॲट्रोपिनचे थेंब चालू आहेत, आता तो दहा वर्षांचा आहे, म्हणून औषधाविषयी मी लिहिते. हे औषध नेत्रतज्ज्ञांच्या चिठ्ठीशिवाय आणि देखरेखीशिवाय घेऊ नये, हे आधीच सांगते. पूर्वी एक टक्क्याचे ॲट्रोपिन वापरून पाहिले जाई. त्याने नंबर थांबे, पण जवळचे दिसत नसे, उजेड सोसत नसे आणि औषध बंद केले की नंबर उसळून वाढे. आता त्याच्या वीस ते शंभर पट पातळ केलेल्या मात्रा वापरतात. हाँगकाँगमधील चाचणीत ०.०५, ०.०२५ आणि ०.०१ टक्के अशा तीन मात्रांची तुलना झाली, तेव्हा पहिल्या वर्षी नंबरची वाढ अनुक्रमे सुमारे ६७, ४३ आणि २७ टक्क्यांनी कमी झाली होती. आमच्या डॉक्टरांनी ०.०१ ने सुरुवात केली आणि वर्षभरात पाऊण नंबर वाढल्यावर ०.०५ दिले. त्यानंतरच्या दोन वर्षांत मिळून अर्धा नंबर वाढला. एका मुलावरून नियम काढता येत नाही, हे मला कळते.

रोजचे काम मात्र कोणी सांगत नाही, ते सांगते. रात्री झोपण्यापूर्वी दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब घालायचा आणि नाकाजवळचा डोळ्याचा कोपरा एक-दोन मिनिटे बोटाने हलका दाबून धरायचा, म्हणजे औषध नाकावाटे घशात उतरत नाही. पहिले काही दिवस मुलगा डोळे घट्ट मिटून पडायचा; मग मी मिटलेल्या डोळ्याच्या कोपऱ्यात थेंब ठेवू लागले आणि तो डोळे उघडून स्वतःच तो आत घेऊ लागला. बाटलीवर उघडल्याची तारीख लिहून ठेवते आणि महिन्याने, आत औषध उरले असले तरी, ती टाकून देते. ०.०५ सुरू केल्यावर त्याला शाळेच्या मैदानावर उजेड खुपू लागला. तेव्हा टोपी दिली आणि बाहेर गडद होणारी काच बसवली. वाचताना अक्षर पुसट दिसते का, हे मी सुरुवातीचे काही आठवडे रोज विचारत असे. तसे झाले नाही. थेंब बंद करतानाही अचानक बंद करायचे नाहीत, असे डॉक्टरांनी आतापासूनच बजावले आहे.

एकच विनंती आहे. थेंब चालू झाले की घरचे निश्चिंत होतात आणि मूल पुन्हा मोबाईल घेऊन पलंगावर लोळते. आमच्याकडे नेमके हेच झाले होते. आता पुस्तक किंवा पाटी डोळ्यांपासून कोपर ते मूठ एवढ्या अंतरावर हवी, हा नियम आजी पाळून घेते, आणि तिच्यासमोर कोणाचे काही चालत नाही.

तारवटी, पेडणे

मुलीला आज याचा उपयोग नाही, पण मूळ प्रश्न विचारणाऱ्यांचा स्वतःचा नंबर उणे साडेपाच आहे, म्हणून त्यांच्यासाठी लिहितो.

माझा नंबर उणे साडेसात होता. जहाजावर काम करताना चष्म्यावर खारे पाणी उडते, घामाने काचा धुरकटतात आणि कॉन्टॅक्ट लेन्स घालून पाण्यात उतरू नये असे सर्वच डॉक्टर सांगतात, कारण पाण्यातले अमिबा बुबुळाला भयंकर संसर्ग करू शकतात. म्हणून चोविसाव्या वर्षी लेसर करून घेतले. त्याआधी वर्षभर नंबर स्थिर असल्याची खात्री केली, काही दिवस लेन्स बंद ठेवून बुबुळाचा नकाशा आणि जाडी मोजली, कारण बुबुळ पातळ किंवा वेडेवाकडे असेल तर लेसर करत नाहीत आणि अशांना कधी कधी डोळ्याच्या आत भिंग बसवण्याचा पर्याय देतात. शस्त्रक्रिया उत्तम झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी चष्म्यासाठी उशाशी हात गेला आणि काही क्षण तो तिथेच राहिला, एवढे आठवते.

पण त्या वेळी मला एक गोष्ट कोणी समजावून सांगितली नाही. लेसरने बुबुळाचा आकार बदलतो. डोळ्याची लांबी तेवढीच राहते. लांब डोळ्यात मागचा पडदा ताणलेला आणि कडेला पातळ असतो. चष्मा गेल्यावर मी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे चौदा वर्षे फिरकलो नाही. अडतिसाव्या वर्षी, सुट्टीवर घरी असताना, अंधारात उजव्या डोळ्याच्या कडेला वीज चमकल्यासारखे होऊ लागले आणि काळे ठिपके शिंपडल्यासारखे दिसू लागले. दोन दिवस मी ते थकव्यावर ढकलले. तिसऱ्या दिवशी बहिणीने जबरदस्तीने तपासणीला नेले, तेव्हा पडद्याला छिद्र पडलेले होते. पडदा सुटलेला नव्हता. त्याच दिवशी लेसरने छिद्राभोवती डाग देऊन ते बंद केले आणि मी संध्याकाळी घरी आलो. पडदा सुटला असता तर मोठी शस्त्रक्रिया आणि महिनोन्महिने जहाजाबाहेर, हे ठरलेले होते.

नंबर जास्त असलेल्या प्रत्येकाने, त्याने लेसर केलेले असो वा नसो, बाहुल्या मोठ्या करून पडदा वर्षातून एकदा तपासून घ्यावा. चमक, ठिपक्यांचा अचानक झालेला पाऊस किंवा कडेने पडदा ओढल्यासारखी सावली, यांपैकी काही दिसल्यास सकाळची वाट पाहू नये. आपल्याकडे बांबोळीचे गोमेकॉ (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय) आहे, तिथे रात्रीही जाता येते.

कुळागरकर, म्हार्दोळ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. दोन आठवड्यांनी कळवतो आहे, कारण थेंबांची तपासणी काल झाली. मुलीचा नंबर उजवा उणे १.७५ आणि डावा उणे १.२५ ठरला, म्हणजे दुकानातल्या यंत्राने दोन्ही डोळ्यांना अर्धा नंबर जास्त छापला होता. गेल्या वर्षीचा आकडाही तसाच काढलेला असल्यामुळे वाढ नेमकी किती झाली हे आता कधीच कळणार नाही. डोळ्यांची लांबी २३.९ आणि २३.७ मिलिमीटर आहे. डॉक्टर म्हणाल्या की हिशेब आजपासून सुरू करू. पूर्ण नंबर, सूक्ष्म भिंगांची काच आणि दिवसभर चष्मा, असे ठरले आहे. ॲट्रोपिनचे थेंब सध्या नकोत; सहा महिन्यांत लांबी वेगाने वाढली तर विचार करू, असे त्यांनी सांगितले.

अनपेक्षित बातमी धाकट्याची आहे. सहा वर्षांच्या मुलाचा नंबर थोडा अधिकात असायला हवा, निदान पाऊण. त्याचा जेमतेम पाव निघाला. आज त्याला सगळे स्वच्छ दिसते, पण उणे नंबर लागण्याआधीची ही अधिक नंबरची शिल्लक संपत आली आहे, असे डॉक्टरांनी समजावले. म्हणून गाण्याचा वर्ग संध्याकाळी सातवर नेला आहे आणि चार ते साडेपाच दोघांनाही कुळागरात (आमच्या सुपारीच्या बागेत) सोडतो. पडलेल्या सुपाऱ्या वेचण्याचे काम दिले आहे, दर शंभराला दोन रुपये. माझा स्वतःचा पडदा तपासला, तो ठीक आहे.

एक शंका उरली आहे. ही काच घेताना फ्रेमबाबत काही पथ्य असते का? मुलीला मोठी गोल फ्रेम हवी आहे.

ऑप्टोमेट्रिस्ट, पणजी

पथ्य असते आणि ते महत्त्वाचे आहे. बाहुलीचा मध्य आणि काचेचे मधले वर्तुळ जुळले नाहीत तर ही काच साध्या काचेसारखीच वागते, किंवा त्याहून वाईट दिसते. म्हणून फ्रेम आधी निवडावी, ती चेहऱ्यावर नीट बसवून घ्यावी आणि मगच, चष्मा मुलीच्या नाकावर असताना, दोन्ही बाहुल्यांचे केंद्र वेगवेगळे आखून घ्यावे. फार मोठी फ्रेम नाकावरून घसरते; उणे काच डोळ्यापासून दूर गेली की तिचा परिणाम कमी होतो आणि मूल नकळत पुन्हा कमी नंबरच्या चष्म्यातून पाहू लागते. गोल चालेल, पण काचेचा मध्य बाहुलीच्या जवळपास येईल एवढीच. आपल्याकडच्या दमट खाऱ्या हवेत धातूचे स्क्रू लवकर गंजतात, म्हणून प्लास्टिकची आणि कानामागे पट्टा लावता येईल अशी फ्रेम घ्यावी. सुपाऱ्या वेचताना ती खाली वाकणार आहे.